२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे स्वतःच्या हाताने कसं पडताळायचं

साहित्य: चौकटीची वही, दहा किंवा बारा अंकी कॅल्क्युलेटर (आठ अंकी चालणार नाही, ही संख्याच त्यात मावत नाही) आणि दोन-तीन निवांत बैठका. प्रोग्रॅमिंग येत असेल तर पंधरा ओळींत काम होतं, पण त्यात कुठे घसरायला होतं तेही खाली येईलच.

संख्या आहे २^३१ − १. इथे ^ ही खूण घातासाठी वापरली आहे. पुढे या संख्येला नुसतं «म» म्हणू. द्विमान पद्धतीत म म्हणजे ओळीने एकतीस १. तिच्या शेजारची म + १ ही संख्या २ चा निव्वळ घात आहे, आणि म चे जवळजवळ सगळे गुणधर्म या शेजारातून येतात. दहा अंकी दुसरी कुठलीही मूळ संख्या उचलली तर हातातली आकडेमोड इतकी सुटसुटीत होत नाही.

आधी सरधोपट मार्ग किती लांब पडतो ते पाहू. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० आणि ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१, म्हणजे म या दोन वर्गांच्या मध्ये बसते. ती संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ विभाजक ४६,३४० च्या आत सापडायलाच हवा. तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. तितके भागाकार कुणी करू नयेत. अठराव्या शतकातल्या गणिती ऑयलरनेही केले नाहीत.

पहिली रीत: विभाजकांची चाळणी

समजा क ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २, ४, ८, १६ असे घात घेत क ने भागत गेलं की बाक्या एका चक्रात फिरतात, आणि त्या चक्राची लांबी ३१ ला भागली पाहिजे. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे लांबी ३१ च. ती १ असू शकत नाही, कारण २ ला क ने भागून १ कधीच उरत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे (२^(क−१) ला क ने भागून १ उरतो) हीच लांबी क − १ लाही भागते. क विषम आहे, म्हणून क − १ सम. एकूण क − १ हा ६२ च्या पाढ्यातला आकडा असतो.

दुसरी गाळणी: २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या जगात (क ने भागून उरणाऱ्या बाक्यांत) २ ही पूर्ण वर्ग ठरते, आणि असं फक्त तेव्हाच घडतं जेव्हा क ला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी एकत्र केल्या की क चे दोनच साचे उरतात:

२४८ज + १ आणि २४८ज + ६३ (ज म्हणजे ०, १, २, ३…).

४६,३४० च्या आत पहिल्या साच्यात १८६ आकडे बसतात, दुसऱ्यात ६३ धरून १८७. ६३ म्हणजे ९ × ७, तो गेला. उरले ३७२. ऑयलरने १७७२ मध्ये म मूळ असल्याचं जाहीर केलं, त्यामागे हेच दोन साचे आहेत. त्याच्या आधी १५८८ मध्ये इटालियन गणिती कातालदीने २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असं मानलं होतं. त्यातला एकटा ३१ खरा निघाला.

वहीत दोन उभे रकाने करा. डावीकडे २४९, ४९७, ७४५, ९९३… उजवीकडे ३११, ५५९, ८०७, १०५५… दोन्हीकडे दर ओळीला २४८ मिळवत जायचं. मग काटछाट. ३ च्या पाढ्यातले आकडे प्रत्येक रकान्यात बरोबर दर तिसऱ्या ओळीत येतात, ५ चे दर पाचव्या, ७ चे दर सातव्या. पहिला सापडला की पुढचे नुसत्या ओळी मोजून खोडता येतात. २१५ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी गाळलं तर फक्त मूळ आकडे उरतात आणि त्यांची संख्या शंभरच्या आत असते. ३१ पर्यंतच गाळून थांबलात तरी उत्तर चुकत नाही, काही भागाकार जास्तीचे होतात एवढंच. उलट एखादी ओळ लिहायची राहिली, किंवा मधेच २४८ ऐवजी २४७ मिळवले गेले, तर सगळा पुरावा वाया जातो. म्हणून दर दहाव्या ओळीला आकडा आधीच्या दहाव्यापेक्षा बरोबर २,४८० ने मोठा आहे ना, हे बघत चला.

सुरुवातीच्या आकड्यांत २४९ = ३ × ८३, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, १२४१ = १७ × ७३ असे गळत जातात. उरतात ३११, १३०३, १४८९ वगैरे. आता भागाकार. २,१४,७४,८३,६४७ ÷ ३११ केलं की पडद्यावर ६९,०५,०९२ आणि पुढे दशांश येतात. दशांशाकडे बघून निर्णय घेऊ नका. क ४६,००० च्या घरात असेल तर १ बाकीचा दशांश ०.००००२ इतका बारीक असतो आणि दहा अंकी पडद्याच्या अगदी काठावर येतो. पूर्णांक भाग उलटा गुणा: ३११ × ६९,०५,०९२ = २,१४,७४,८३,६१२. बाकी ३५. भाग जात नाही. १३०३ ला बाकी २२६, १४८९ ला १९९.

ही बाकी दुसऱ्या वाटेनेही काढून बघा, कारण दोन वाटांनी तोच आकडा आला की खात्री पटते. ३११ साठी: २^५ = ३२. त्याचा वर्ग १०२४, बाकी ९१, ही २^१० ची. ९१ चा वर्ग ८२८१, बाकी १९५, ही २^२० ची. १९५ × ९१ = १७,७४५, बाकी १८, ही २^३० ची. दुप्पट ३६, वजा १, आले ३५. जुळलं.

रीत नीट समजली का हे आधी छोट्या संख्यांवर अजमावा. २^२३ − १ = ८३,८८,६०७ साठी क − १ हा ४६ च्या पाढ्यात हवा. पहिलाच उमेदवार ४७, आणि ४७ × १,७८,४८१ = ८३,८८,६०७. फर्माने १६४० मध्ये हाच विभाजक दाखवला होता. २^२९ − १ साठी ५८ चा पाढा घ्या. ५९ ला ८ ने भागून ३ आणि ११७ ला ५ उरतात म्हणून ते दोन्ही बाद, मग १७५ हा ७ × २५ म्हणून बाद, आणि २३३ ला भाग जातो. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ झाली, हा समज इथेच मोडतो.

दुसरी रीत: लुकास–लेमर

ही रीत सर्वांत देखणी, आणि मोठ्या संख्यांसाठी कामाला येते ती हीच. लुकासने १८७६ मध्ये याच धाटणीच्या कसोटीने २^१२७ − १ मूळ ठरवली, आणि १९३० मध्ये लेमरने तिला आजचं सोपं रूप दिलं. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची कसोटी कुठल्याही संख्येला लागू पडते, हे तिचं मोठेपण. पण २^प − १ (प हा मूळ घातांक) या घराण्यात वेगाच्या बाबतीत लुकास–लेमरच पुढे.

कृती अशी. ४ पासून सुरू करा. दर पावलाला: वर्ग करा, २ वजा करा, जी संख्या मूळ आहे का ते तपासायचं, तिने भागून बाकी ठेवा. प − २ पावलांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

१२७, म्हणजे २^७ − १, हिच्यावर पाच पावलं: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. २०४७, म्हणजे २^११ − १, हिच्यावर नऊ: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त (२३ × ८९). हे दोन्ही हाताने केल्याशिवाय ३१ ला हात घालू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक मोजणीतली आहे: सुरुवातीचा ४ हे पाऊल नव्हे. त्याला पहिलं पाऊल धरलं तर एक पाऊल कमी पडतं आणि मूळ संख्या संयुक्त ठरते.

आता म. पावलं २९. पहिली तीन सोपी: १४, १९४, ३७,६३४. चौथ्याला ३७,६३४ चा वर्ग १,४१,६३,१७,९५६, वजा २, आले १,४१,६३,१७,९५४. हे म पेक्षा लहान, तसंच ठेवायचं. पाचव्यापासून खरं काम सुरू होतं, आणि तिथे म ने प्रत्यक्ष भागायची गरज नसते. २^३१ ची बाकी १ आहे, म्हणून कुठलीही संख्या अ × २^३१ + ब अशी लिहिली की तिची बाकी अ + ब एवढीच. संख्या मधोमध दुमडून दोन भाग एकावर एक ठेवावेत, तसं. पाचवं पाऊल पूर्ण लिहून बघू:

१,४१,६३,१७,९५४ चा वर्ग = २०,०५,९५,६५,४६,८२,२७,४६,११६
वजा २ = २०,०५,९५,६५,४६,८२,२७,४६,११४
२,१४,७४,८३,६४८ ने भागून भागाकार अ = ९३,४०,९६,३०७
बाकी ब = १,८८,३०,५८,१७८
बेरीज = २,८१,७१,५४,४८५
म पेक्षा मोठी, म्हणून एकदा म वजा = ६६,९६,७०,८३८

वर्ग बरोबर आहे का ते नवाच्या कसोटीने लगेच तपासा. १,४१,६३,१७,९५४ च्या अंकांची बेरीज ४१, म्हणजे ५. ५ चा वर्ग २५, म्हणजे ७. वर्गाच्या अंकांची बेरीज ७९, म्हणजे १६, म्हणजे ७. ही कसोटी प्रत्येक पावलाला लावायची. एका पावलातली चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत पसरते, आणि शेवटी शून्य आलं नाही तर ती कुठे झाली हे कळायचा मार्ग उरत नाही. नवाच्या कसोटीत अंकांची अदलाबदल पकडली जात नाही, म्हणून शंका आली तर अकराचीही लावा.

सहाव्या पावलाला १,९३,७२,५९,४१९ येतात. इथे श्रम वाचतात. बाकी म च्या निम्म्याहून मोठी असली की म मधून ती वजा करा आणि उरलेल्याचा वर्ग करा: २१,०२,२४,२२८. वर्गात उणे चिन्ह जातंच, आणि आकडा नऊपट लहान होतो. सातव्याला ४२,५४,१३,६०२ आले पाहिजेत. इथपर्यंत तुमचे आकडे जुळले तर गाडी रुळावर आहे.

अठ्ठाविसाव्या पावलाला या वेड्यावाकड्या आकड्यांतून अचानक ६५,५३६ बाहेर येतं, म्हणजे २^१६. हे योगायोगाने होत नाही. शेवटी शून्य यायचं तर आदल्या आकड्याचा वर्ग २ शी जुळला पाहिजे, आणि म च्या जगात २ ची वर्गमुळं दोनच: ६५,५३६ आणि म − ६५,५३६. १२७ च्या वेळी शून्याआधी १११ आले होते, ते १२७ − १६. तीच गोष्ट.

आता शेवटचं पाऊल, आणि प्रोग्रॅम करणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, वजा २, आले ४,२९,४९,६७,२९४. दुमडा: अ = १, ब = २,१४,७४,८३,६४६. बेरीज २,१४,७४,८३,६४७. म्हणजे म स्वतः! म ची म ने बाकी शून्य, पण प्रोग्रॅममध्ये «बेरीज म पेक्षा मोठी असेल तर म वजा करा» अशी अट लिहिली असेल तर ती इथे लागू होत नाही, शेवटचा आकडा शून्य दिसत नाही, आणि प्रोग्रॅम मूळ संख्येला संयुक्त म्हणतो. अट «मोठी किंवा समान» अशीच हवी.

संगणकावर करताना

३२ बिटांचा चिन्हासह पूर्णांक जास्तीत जास्त म एवढाच असतो (युनिक्सचं ३२ बिटी घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला संपतं, ते म सेकंद भरतात म्हणूनच). चौथ्या पावलापर्यंत सगळं त्यात मावतं आणि पाचव्याला गुणाकार फुटतो. म्हणून पहिले चार आकडे बरोबर आले तरी निर्धास्त होऊ नका. ६४ बिट पुरतात, कारण म पेक्षा लहान आकड्याचा वर्ग २^६२ च्या आतच राहतो. एक्सेलमध्ये फक्त १५ अंक अचूक टिकतात. पाचव्या पावलाचा वर्ग १९ अंकी आहे, तेव्हा शेवटचे अंक मुकाट्याने शून्य होतात. जावास्क्रिप्टचा साधा नंबर २^५३ पर्यंतच अचूक, तिथे बिगइंट घ्या. पायथॉनला ही अडचण नाही.

आणि फर्माची कसोटी (पायाच्या, संख्येहून एकने कमी अशा घाताला त्या संख्येने भागून १ उरतो का हे पाहणं) २ हा पाया घेऊन लावू नका. २^प − १ च्या घराण्यातली मूळ घातांकाची प्रत्येक संख्या ती पार करते, संयुक्तसुद्धा. २०४७ चंच बघा: २^११ ची बाकी १, आणि २०४६ हे ११ × १८६, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. उत्तीर्ण, पण मूळ नाही. ३ पाया घ्या, आणि तरीही ते फक्त «बहुधा मूळ» समजा.

७ ची करामत

म − १ चे अवयव पाडायला सोपे आहेत. म − १ = २ × (२^३० − १), आणि २^३० − १ = ३२,७६७ × ३२,७६९. पहिला ७ × ३१ × १५१, दुसरा ९ × ११ × ३३१. म्हणून म − १ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

यातून तिसरा पुरावा मिळतो. ७^(म−१) ची बाकी १ येते हे दाखवा, मग घातांकाला २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ यांनी एकेकदा भागून ७ चे ते सात घात काढा. त्यातल्या एकाचीही बाकी १ येत नाही. याचा अर्थ ७ चे घात म − १ पायऱ्यांचं पूर्ण चक्र फिरतात, आणि ते म मूळ असल्याशिवाय शक्यच नाही. असे पूर्ण फिरणारे आकडे प्रिमिटिव्ह रूट म्हणून ओळखले जातात, आणि म साठी त्यांतला सर्वांत लहान ७ आहे.

७^५ = १६,८०७ हाही पूर्ण फिरतो, कारण ५ हा म − १ चा अवयव नाही. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवलेला यादृच्छिक संख्यांचा जनक हाच: आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणा आणि म ने बाकी घ्या. १ पासून सुरू केलं तर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. तिसरा हाताने: गुणाकार ४७,४७,५६,१५,०९,९४३; दुमडल्यावर अ = २,२१० आणि ब = १,६२,२६,४७,८६३; बेरीज जुळते. तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का याची पक्की खूण म्हणजे दहा हजारावा आकडा १,०४,३६,१८,०६५ यायला हवा. सी++ च्या प्रमाणग्रंथात हाच दिलेला आहे. पासवर्ड किंवा ओटीपीसाठी मात्र हा जनक कधीही वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

आणखी दोन सोयी. २ ने गुणणं म्हणजे ३१ बिटांची ओळ एक घर डावीकडे सरकवून बाहेर पडलेला बिट उजव्या टोकाला लावणं. आणि कुठल्याही आकड्याचं म च्या जगातलं वर्गमूळ काढायचं तर त्याचा ओळीने २९ वेळा वर्ग करा, कारण (म + १) ÷ ४ म्हणजे २^२९. आलेल्या उत्तराचा एकदा वर्ग करून पाहा: सुरुवातीचा आकडा परत आला तर वर्गमूळ मिळालं, त्याचा उणे आला तर त्या आकड्याला वर्गमूळ नाही.

२^३० × म = २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या: स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच. ती सिद्ध व्हायलाही म मूळ असणं लागतंच.

याहून मोठ्या संख्यांकडे

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. इतक्या मोठ्या उमेदवारांवरही कामाचा क्रम हाच: आधी पहिल्या रीतीचे साचे वापरून छोटे विभाजक शोधायचे, ते सापडले नाहीत तरच वर्गांची लांब साखळी चालवायची. लुकास–लेमरच्या पावलांची संख्या तिथे १३,६२,७९,८३९ होते.

चाळणीने किती श्रम वाचतात ते बघायचं असेल तर म लाच घातांक करा. २^म − १ ही सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकांची संख्या. तिचा विभाजक २ × क्ष × म + १ या साच्यातला हवा आणि ८ ने भागून १ किंवा ७ उरायला हवेत. क्ष = ६८,७४५ घेतला की २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ मिळतात. आता २ घ्या आणि दर वेळी या आकड्याने बाकी काढत ओळीने ३१ वेळा वर्ग करा. गुणाकार एकोणतीस अंकांपर्यंत जातात, म्हणून ६४ बिट पुरणार नाहीत, पायथॉनच घ्या. एकतिसाव्या वर्गानंतर पुन्हा २ परत येतात, म्हणजे २^(म+१) ची बाकी २, २^म ची १, आणि २^म − १ ला भाग गेला.